दुसरा आवाज

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

आजच्या विषयाचा आरंभ एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या प्रसंगाने करणे इष्ट ठरेल. संध्याकाळी सातच्या सुमारास दादरहून कल्याणकडे निघालेली धीमी लोकल डोळ्यांसमोर आणावी. दुसऱ्या वर्गाचा डबा. तिघांच्या बाकावर चौथा टेकलेला, दोन बाकांमधल्या जागेत माणसे दाटीने उभी, आणि दाराशी पाय ठेवायलाही जागा नाही. खिडकीशी बसलेला एक धडधाकट, चांगल्या कपड्यांतला गृहस्थ आपल्या मोबाईलवर एकामागून एक चित्रफिती पाहत आहे. कानाला काही लावलेले नाही. आवाज पूर्ण सोडलेला. समोर एक कारकून दिवसभराच्या आकडेमोडीने शिणून कपाळ दाबून बसला आहे. त्याच्या शेजारी एक विद्यार्थी मांडीवर वही उघडून उद्याच्या परीक्षेची उजळणी करू पाहतो आहे. उभ्या असलेल्यांपैकी एकजण दोनदा त्या गृहस्थाकडे रोखून पाहतो आणि पुन्हा नजर फिरवतो. शीव जाते, कुर्ला जाते, घाटकोपर जाते. बोलत कोणीच नाही. ठाण्याला कारकून उतरतो आणि पुलाच्या पायऱ्या चढत असताना त्याच्या मनात ते वाक्य पूर्ण जुळून येते : ‘‘भाऊ, जरा आवाज कमी करता का?’’ सहा शब्दांचे वाक्य. पण दादर ते ठाणे एवढ्या प्रवासात ते ओठांवर आले नाही.

या कारकुनाला भित्रा म्हणावे की शहाणा? घरी गेल्यावर तो स्वतःला दोन्ही म्हणतो. कधी आपल्या मुकेपणाची त्याला लाज वाटते. कधी, ‘कशाला नसती उठाठेव, त्याने हात उगारला असता तर?’ असे म्हणून तो मनाचे समाधान करून घेतो. सार्वजनिक जागी बेपर्वाईने वागणाऱ्या अनोळखी माणसाला हटकावे की न हटकावे, हा प्रश्न शहरात राहणाऱ्या प्रत्येकापुढे आठवड्यातून चार वेळा तरी उभा राहतो. रांग मोडून पुढे घुसणारा, एसटीच्या खिडकीतून पिचकारी टाकणारा, पदपथावर मोटार चढवून ठेवणारा, रात्री बारानंतर मांडवात कर्णे वाजवणारा, ही मंडळी रोज भेटतात. आणि रोज बहुतेक माणसे गप्प बसतात.

राजकीय कार्यकर्त्यांच्या वर्गात असल्या किरकोळ गोष्टीचा विचार कशाला, अशी शंका कोणी घेईल. भाकरीचे, जमिनीचे, रोजगाराचे प्रश्न समोर असताना मोबाईलच्या आवाजाचे काय घेऊन बसलात? शंका रास्त आहे. परंतु ज्या समाजात दहा माणसे एकत्र बसून एका माणसाला ‘आवाज कमी कर’ एवढे सांगू शकत नाहीत, त्या समाजातील माणसे मालकाला, सावकाराला, नगरसेवकाला किंवा ठाणेदाराला एकमुखाने काही सांगतील, अशी अपेक्षा कशाच्या बळावर करावयाची? संघटित होण्याची सवय मोर्च्याच्या दिवशी एकाएकी अंगी येत नाही. ती अशाच लहान जागी जडते किंवा मोडते.

अर्थशास्त्राने या प्रश्नाकडे आपल्या पद्धतीने पाहिलेले आहे. आर्थर पिगू या केंब्रिजच्या प्राध्यापकाने १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे दाखवून दिले की, एखाद्याच्या कृतीचा खर्च पुष्कळदा तो स्वतः न सोसता भलताच कोणी सोसतो. आगगाडीच्या इंजिनातून उडणाऱ्या ठिणग्यांनी रुळांलगतचे रान जळते. ते नुकसान रेल्वेच्या हिशेबाच्या वहीत कोठेच येत नाही, हे त्याच्या उदाहरणांपैकी एक. डब्यातल्या गृहस्थाच्या चित्रफितीची किंमत अशीच कारकुनाचे कपाळ आणि विद्यार्थ्याची वही चुकवीत असते.

पुढे १९६० साली रोनाल्ड कोस याने या विचाराला निराळे वळण दिले. त्याने इंग्लंडमधील १८७९ सालच्या एका निकालाचा आधार घेतला. लंडनमधील एका मिठाईवाल्याच्या कारखान्यात मोठमोठे खलबत्ते चालत. शेजारच्या डॉक्टराने आपल्या बागेच्या टोकाला तपासणीची खोली बांधली आणि खलबत्त्यांच्या आवाजाने त्याला रोग्याची छाती तपासणे अशक्य झाले. न्यायालयाने डॉक्टराच्या बाजूने निर्णय दिला. कोसचे म्हणणे असे की, त्रास हा नेहमी दुहेरी असतो. आवाज चालू राहिला तर डॉक्टराचे नुकसान, बंद झाला तर मिठाईवाल्याचे. दोघांना एकत्र बसून बोलणी करण्याला काहीच खर्च येत नसेल, तर हक्क कायद्याने कोणाच्याही पदरात टाकलेला असो, दोघे मिळून उभयतांना सोयीचा तोडगा काढतील. युक्तिवाद मोठा डौलदार आहे. परंतु त्यातली ‘बोलण्याला खर्च येत नसेल तर’ ही अट डब्यात पाऊल टाकताच कोसळते. तिथे बोलण्याचाच खर्च सर्वांत मोठा असतो. शिवी खाण्याची भीती, चार लोकांत हसे होण्याची भीती, मारहाणीची भीती, आणि उद्या याच गाडीला पुन्हा हाच माणूस भेटेल ही भीती, असा तो खर्च आहे.

शिवाय हा खर्च आणि त्याचा लाभ यांची वाटणी विषम आहे. कारकुनाने तोंड उघडले आणि आवाज बंद झाला, तर शांतता साऱ्या डब्याला मिळते. प्रकरण अंगाशी आले, तर ते एकट्या कारकुनाच्या. मन्सर ऑल्सन याने १९६५ साली सामुदायिक कृतीचे जे तर्कशास्त्र मांडले, त्याचा गाभा हाच होता. ज्या गोष्टीचा फायदा सर्वांना आणि झळ एकाला, ती गोष्ट सर्वांना हवी असूनही कोणी करीत नाही. प्रत्येकजण दुसऱ्याच्या पुढाकाराची वाट पाहतो. म्हणून डब्यातील मौनाचा अर्थ ‘कोणालाच त्रास होत नाही’ असा लावणे चूक ठरेल. त्या मौनामागे प्रत्येकाचा स्वतंत्र आणि बराचसा बरोबर हिशेब असतो. सर्वांचे हिशेब बरोबर येतात आणि सर्वांचे मिळून नुकसान होते.

या हिशेबात आणखी एक गोष्ट मिसळते. १९६८ साली अमेरिकेत लाताने आणि डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. एका खोलीत विद्यार्थ्यांना कागद भरावयास बसविले आणि भिंतीतील झरोक्यातून हळूहळू धूर सोडला. एकटा बसलेला विद्यार्थी असला, की शंभरांपैकी पंचाहत्तर वेळा तो उठून बाहेर कळवीत असे. शेजारी मुद्दाम निर्विकार राहण्यास सांगितलेली दोन माणसे बसवली, की हे प्रमाण शंभरात दहावर आले. धूर तोच, डोळ्यांची आग तीच. पण शेजाऱ्याचा चेहरा शांत दिसला म्हणून माणसाने आपल्याच डोळ्यांवर अविश्वास दाखविला. लोकलच्या डब्यात प्रत्येकजण दुसऱ्याचा शांत चेहरा पाहतो आणि त्यावरून ‘मलाच बहुधा जास्त लागते’ असा निष्कर्ष काढतो.

एवढ्यावरून माणूसजातच षंढ आहे असे म्हणून मोकळे होणे मात्र सोपे आणि चुकीचे आहे. इंग्लंड, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिका या तीन देशांतील शहरांत रस्त्यांवर बसविलेल्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या २१९ भांडणांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी दहांतल्या नऊ प्रसंगी बघ्यांपैकी निदान एकजण तरी मध्ये पडलेला होता. आणि बघे जितके अधिक, तितकी कोणीतरी मध्ये पडण्याची शक्यताही अधिक होती. म्हणजे गर्दी स्वभावतः निर्दय नसते. धोका उघड दिसला तर ती हलते. धोका अस्पष्ट असला, त्रास लहान असला आणि बोलण्याचा अधिकार कोणाचा हेच ठरलेले नसले, तर ती थिजते. यातील शेवटचा मुद्दा, बोलण्याच्या अधिकाराचा, अधिक महत्त्वाचा आहे. तो कसा ठरतो आणि ठरल्याने काय घडते, याचा या देशातील उत्तम दाखला आगगाडीच्या डब्यातील विडीसिगारेटचा आहे.

१८९० सालच्या रेल्वे कायद्यात असे कलम होते की, धूम्रपानासाठी राखून न ठेवलेल्या डब्यात सहप्रवाशांच्या संमतीवाचून धूम्रपान करणारा दंडास पात्र होईल. १९८९ साली नवा रेल्वे कायदा आला. त्याच्या १६७ व्या कलमाने असे ठरविले की, डब्यातील दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतल्यास कोणीही तेथे धूम्रपान करू नये. वरवर वाचणाऱ्याला दोन्ही कलमे सारखीच वाटतील. वस्तुतः त्यांत फार मोठे अंतर आहे. पहिल्या कलमात ओढणाऱ्याने विचारावयाचे होते. कोणी काही बोलले नाही तर संमती मिळाली नाही, असा अर्थ होता. दुसऱ्या कलमात न ओढणाऱ्याने हटकावयाचे होते. कोणी काही बोलले नाही तर मोकळीक मिळाली, असा अर्थ झाला. तोंड उघडण्याचा सारा भार शंभर वर्षांनी एका माणसावरून उचलून दुसऱ्यावर ठेवला गेला. आणि १८९० च्या कायद्यानेही प्रत्यक्षात कोण विचारीत होते? ज्यांनी १९७० किंवा १९८० च्या दशकात रात्रीच्या पॅसेंजरने प्रवास केला आहे, त्यांना डब्यातला तो धूर आठवत असेल. खोकणारी म्हातारी पदराने नाक झाकून बसे आणि विडी ओढणारा तिच्याच शेजारी निवांत झुरके घेई.

मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी आगगाड्यांसह सार्वजनिक वाहने, रुग्णालये, शाळा, न्यायालये इत्यादी ठिकाणी धूम्रपानास बंदी केली. २००३ साली संसदेने कायदा केला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानबंदीचे नवे नियम देशभर लागू झाले. दंड जास्तीत जास्त दोनशे रुपये. या दोनशे रुपयांना घाबरून लोकांनी विड्या विझवल्या असे मानणे भाबडेपणाचे होईल. दंडाची पावती फाडणारा माणूस प्रत्येक डब्यात कधीच नव्हता. फरक पडला तो हटकणाऱ्याच्या वाक्यात. पूर्वी त्याला विनंती करावी लागे : ‘‘मला त्रास होतो हो.’’ त्यावर ‘‘मग दुसरीकडे बसा’’ हे उत्तर तयार असे. आता त्याला भिंतीवरच्या पाटीकडे नुसते बोट दाखवता येऊ लागले. एकट्याच्या तक्रारीमागे सगळ्यांनी मिळून केलेला नियम उभा राहिला आणि बोलण्याचा खर्च कमी झाला. बंदी सगळीकडे पाळली जाते असे नाही. पण भर डब्यात सर्वांदेखत सिगारेट पेटवणारा आज स्वतःच आजूबाजूला पाहून घेतो. एका पिढीत घडलेला हा बदल लहान नाही.

मोबाईलच्या किंवा कर्ण्याच्या आवाजाबाबतही कायदा अगदीच मुका नाही. रेल्वे कायद्याचे १४५ वे कलम गाडीत उपद्रव करणाऱ्याला लागू पडते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावता येत नाही; वर्षातून फार तर पंधरा दिवस, सणाउत्सवांना, राज्य सरकारला ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढविता येते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण हे आकडे ज्या गल्लीत म्हणून दाखवायचे, त्या गल्लीतील मांडवावर कोणाची छबी टांगलेली असते, हे सर्वांना ठाऊक आहे. तक्रार करणाऱ्याचे नाव ठाण्यातून निघून अर्ध्या तासात मांडवात पोहोचते, आणि मग तक्रार करणाऱ्यालाच रात्रभर झोप लागत नाही. म्हणूनच मुंबई उच्च न्यायालयाला २०१६ साली आणि पुन्हा जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावावे लागले की, ध्वनीबाबतच्या तक्रारीत तक्रारदाराची ओळख उघड होता कामा नये. न्यायालयाला असे सांगावे लागते, याचा अर्थ एवढाच की कायदा पाळा म्हणणाऱ्या नागरिकाला भ्यावे लागते आणि कायदा मोडणाऱ्याला भ्यावे लागत नाही.

ही भीती निराधार आहे असे सांगून कोणाला पुढे ढकलणे हा अपराध ठरेल. ऑक्टोबर २०११ मध्ये मुंबईत अंधेरीच्या आंबोली भागात आपल्या मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना दोन तरुणांनी हटकले. हटकलेले गुंड साथीदार घेऊन परत आले आणि त्यांनी सुऱ्यांनी हल्ला केला. भर वस्तीत, लोकांच्या डोळ्यांदेखत हे घडले. दोघेही तरुण मरण पावले. २०१६ साली चौघांना जन्मठेपेची शिक्षा झाली. पण त्या रात्री आजूबाजूची माणसे एकत्र होऊन पुढे आली असती तर खटल्याची वेळ आली नसती, ही खंत त्या शिक्षेने पुसली जात नाही. २००८ साली जगातल्या सोळा शहरांत केलेल्या एका प्रयोगातून अशीच गोष्ट पुढे आली होती. सामायिक निधीत पैसे टाकावयाचे आणि कोणी टाळाटाळ केली तर स्वतः थोडी झळ सोसून त्याला दंड करावयाचा, असा तो खेळ होता. बोस्टन किंवा कोपनहेगनमध्ये दंड बहुतांशी टाळाटाळ करणाऱ्यांनाच झाला. अथेन्स किंवा मस्कतमध्ये मात्र पुष्कळदा प्रामाणिकपणे पैसे टाकणाऱ्यांनाच उलट दंड सोसावा लागला. ज्या समाजांत कायद्याच्या अंमलावर लोकांचा विश्वास कमी, तेथे चांगल्यावर सूड उगवण्याची ही प्रवृत्ती अधिक आढळली. वैयक्तिक शौर्याची प्रवचने अशा ठिकाणी उपयोगी पडत नाहीत.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू. हटकणे म्हणजे नेहमीच न्याय असे समजण्याचे कारण नाही. ७ जून १८९३ च्या रात्री दक्षिण आफ्रिकेत पीटरमॅरिट्झबर्ग स्थानकावर पहिल्या वर्गाच्या डब्यात एक प्रवासी चढला. आत बसलेल्या एका अनोळखी माणसाकडे त्याने खालवर पाहिले, बाहेर जाऊन रेल्वेचे अधिकारी बोलावून आणले, आणि रीतसर तिकीट जवळ असूनही त्या माणसाला गाडीतून खाली ढकलण्यात आले. खाली ढकलले गेले ते मोहनदास गांधी. त्या गोऱ्या प्रवाशाच्या दृष्टीने तोच उपद्रव सोसणारा होता आणि तक्रार करून त्याने आपला हक्क बजावला होता. मुंबई विधिमंडळात १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला आणि १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे जाहीर केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा गावातल्या सवर्णांच्या भावना दुखावल्या. त्यांनी हल्ला केला आणि नंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ही केले. त्यांचा संताप खोटा नव्हता, अगदी खरा होता. संताप खरा असला म्हणजे तो न्याय्य असतोच असे नाही, हे महाडने कायमचे शिकविले आहे. महाडने आणखीही एक गोष्ट शिकविली. कागदावरचा ठराव तीन वर्षे कागदावरच राहिला होता. माणसे रांगेने, एकमेकांच्या सोबतीने तळ्याकडे चालत गेली तेव्हा ‘सार्वजनिक’ या शब्दाला अर्थ आला.

आजच्या शहरातही हटकण्याचा प्रवाह पाण्यासारखा उताराकडे वाहतो. पदपथावर टोपली घेऊन बसलेल्या भाजीवालीला ‘रस्ता अडवलास’ म्हणून दरडावणारा माणूस, त्याच पदपथावर चढवलेल्या लांबलचक मोटारीला वळसा घालून मुकाट्याने पुढे जातो. परप्रांतातून आलेल्या बांधकाम मजुराला गाडीत सामान ठेवण्यावरून चार शब्द ऐकवायला कोणाची जीभ अडत नाही. मात्र डब्याचे दार अडवून उभ्या असलेल्या रोजच्या टोळक्याला ‘उतरायचे आहे’ एवढे म्हणताना आवाज खाली येतो. सोसायटीच्या फाटकावरील पहारेकऱ्याने विडी ओढली तर सभा भरते. विकासकाच्या यंत्रांनी रात्री दोनपर्यंत जमीन हादरवली तर खिडक्या लावून घेतल्या जातात. असे हटकणे म्हणजे जुन्या उतरंडीचीच उजळणी होय. त्याला नागरिकत्वाचे नाव देऊ नये.

तेव्हा निर्णय कसा घ्यावयाचा? कार्यकर्त्याने तोंड उघडण्यापूर्वी मनाशी तीन गोष्टी तपासून पाहाव्यात. पहिली, समोरच्या कृतीने कोणाचे खरोखर काही बिघडते आहे, की त्याचे कपडे, भाषा, जेवणाचा वास किंवा नुसते तिथे असणेच खटकते आहे? बिघडत नसेल तर गप्प बसणे हेच सभ्यपणाचे. दुसरी, हाच प्रकार आपल्याहून बलवान माणसाने केला असता तर त्यालाही हेच शब्द याच स्वरात ऐकवले असते काय? उत्तर नकारार्थी येत असेल, तर रागाचा तो आवेश संशयास्पद आहे. तिसरी, समोरचा शुद्धीवर आहे काय, एकटा आहे की जमावात, त्याच्या हाती काही आहे काय, आणि सोबतीला कोणी आहे काय? दारूच्या धुंदीत असलेल्याला किंवा शस्त्रधाऱ्याला एकट्याने अडविणे हे शौर्य नव्हे. अशा वेळी मदतीला माणसे गोळा करणे, गार्डाला किंवा पोलिसाला कळविणे आणि ज्याच्यावर प्रसंग गुदरला आहे त्याच्या शेजारी जाऊन उभे राहणे हेच कर्तव्य होय.

या तिन्ही कसोट्या उतरल्यावर स्वर कोणता असावा, याचा धडाही मुंबईच्या लोकलनेच घालून दिलेला आहे. तिघांच्या बाकावर चौथ्याला बसू द्यावे असे रेल्वेच्या कोणत्याही नियमात नाही. तरीही लक्षावधी माणसे पिढ्यान्‌पिढ्या हा नियम पाळत आली आहेत. उभा असलेला माणूस हाताने नुसती खूण करतो किंवा ‘जरा सरका’ म्हणतो, आणि बसलेले तिघे, कपाळाला आठी घालून का होईना, सरकतात. कोणी न सरकला, तर समोरच्या बाकावरचा त्रयस्थ त्याला म्हणतो, ‘‘अहो, बसू द्या की, सगळेच दमून आलेत.’’ त्यात दंड नाही की अपमान नाही. समोरच्याला आपले तोंड न लपवता चूक सुधारण्याची वाट ठेवलेली आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते कुरणे, कालवे, मासेमारीची पाणथळे अशा सामायिक संपत्तीच्या अभ्यासासाठी. जेथे माणसांनी अशी संपत्ती स्वतः टिकवून धरली, तेथे देखरेख वापरणाऱ्यांनीच किंवा त्यांना जबाबदार असणाऱ्यांनी केली होती, आणि पहिल्या चुकीला शिक्षा अगदी सौम्य असून ती पायरीपायरीने वाढत जाई, असे त्यांना आढळले. २०२५ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयानेही ध्वनिक्षेपकांबाबत पोलिसांना प्रथम समज, मग दंड, आणि तरीही न ऐकल्यास जप्ती असाच क्रम घालून दिला. डब्यातील शांतता हीदेखील सर्वांची सामायिक संपत्तीच आहे.

परंतु चौथ्या आसनाच्या या उदाहरणात सर्वांत मोलाचा आहे तो समोरच्या बाकावरचा त्रयस्थ. जागा मागणाऱ्याला स्वार्थी म्हणता येते. या दुसऱ्या माणसाला काहीच मिळवायचे नसते. त्याने ‘बसू द्या की’ म्हणताच मामला दोघांतला राहत नाही, साऱ्या डब्याचा होतो. सॉलोमन ॲश याने १९५१ पासून केलेल्या प्रयोगांत रेघांची लांबी ओळखण्यासारख्या सोप्या कामातही, आजूबाजूच्या सर्वांनी ठरवून चुकीचे उत्तर दिले, की माणसाची सुमारे एक तृतीयांश उत्तरे त्यांच्यामागे वाहवत जात. मात्र त्या सर्वांत खरे बोलणारा फक्त एक सोबती मिळाला, की हे वाहवत जाणे पूर्वीच्या एक चतुर्थांशावर येई. बहुमत फिरविण्याची गरज पडली नाही. एकट्याचा दुकटा झाला, एवढ्याने माणसाला आपल्या डोळ्यांवर पुन्हा विश्वास ठेवता आला.

मित्रहो, हटकावे की न हटकावे या प्रश्नाचे उत्तर यात आहे. आजवर हा प्रश्न एकट्या माणसाच्या धैर्याचा म्हणून विचारला गेला आणि म्हणून त्याचे उत्तर बहुधा ‘नको’ असे आले. पहिला आवाज काढण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. स्त्रीला, म्हाताऱ्याला, ज्याचे आडनाव किंवा बोली ऐकून समोरचा अधिकच चेकाळेल अशा माणसाला, पहिला आवाज किती महाग पडतो, याचा हिशेब बाहेरच्याने मांडू नये. पण दुसरा आवाज त्या मानाने स्वस्त असतो, आणि तो न उठणे हे पहिल्याच्या मौनापेक्षा अधिक निंद्य आहे. कोणी विधवा रेशनच्या रांगेत घुसखोराला हटकते आणि सारी रांग खाली मान घालून उभी राहते, तेव्हा ती बाई दुसऱ्यांदा बोलत नाही. आणि तिच्या मागे उभी असलेली तिची मुलगी पहिल्यांदाही बोलणार नाही.

कार्यकर्त्याचे काम येथून सुरू होते. वस्तीत ध्वनिक्षेपकाविरुद्ध एकट्याच्या सहीने तक्रार जाऊ नये, वीसजणांच्या सहीने जावी, आणि त्यांतल्या पहिल्या सह्या ज्यांना मंडळाचे भय कमी आहे त्यांच्या असाव्यात. मंडळ आपल्याच पक्षाच्या मित्रांचे असेल, तर तक्रार अधिक लवकर जावी. स्वतःच्या सभेचा कर्णा दहाच्या ठोक्याला बंद करणाऱ्यालाच दुसऱ्याचा कर्णा बंद करा म्हणण्याचा अधिकार पोहोचतो. गाडीत, रांगेत, दवाखान्याच्या ओसरीत कोणी न्याय्य हरकत घेतली, तर तिच्या शेजारी जाऊन उभे राहण्याची शिस्त स्वतःला लावून घ्यावी. आणि दुबळ्यावर कोणी विनाकारण डाफरत असेल, तर दुसरा आवाज त्या दुबळ्याच्या बाजूने उठावा.

तो कारकून उद्याही त्याच गाडीने घरी जाईल आणि खिडकीशी कोणीतरी पुन्हा आवाज सोडून बसलेला असेल. कदाचित उद्या तो धीर करून म्हणेल, ‘‘भाऊ, जरा आवाज कमी करता का?’’ तो गृहस्थ मान वर करून त्याच्याकडे पाहील, मग डब्यातल्या इतरांकडे पाहील. त्या क्षणी दाराजवळ उभ्या असलेल्या कोणीतरी एवढेच म्हणावयाचे आहे : ‘‘हो, बरोबर बोलतायत ते. कमी करा जरा.’’